टिळकवाडीतील बालमानसशास्त्र केंद्र: तीन भेटींनंतरचा अभिप्राय

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. दुसरीपर्यंत ती खानापूर तालुक्यातील आमच्या गावी, आजीजवळ राहून मराठी शाळेत शिकली आणि गेल्या जूनमध्ये बेळगावात इंग्रजी माध्यमाच्या तिसरीत दाखल झाली. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी शाळेने आम्हाला बोलावून सांगितले की मुलगी आकडे उलटे लिहिते, म्हणजे ७४ सांगितले की ४७ लिहिते, आणि वर्गात फारशी बोलत नाही. तेव्हा तिला अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचणे, लिहिणे किंवा गणित शिकण्यातच मूळची अडचण आहे का, हे तपासून घ्यावे. त्या तपासणीसाठी आम्ही टिळकवाडीतील ज्या केंद्रात गेलो, त्याच्या कामाविषयी हा अभिप्राय आहे. केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण आमच्या शहरात अशी ठिकाणे मोजकीच आहेत आणि नावावरून मुलीची ओळख पटण्याची शक्यता आहे. कामाची रीत मात्र सविस्तर सांगते, म्हणजे इतर पालकांना आपल्या जवळचे केंद्र पारखता येईल.

त्याआधी झालेली एक चूक सांगणे आवश्यक आहे. ओळखीच्या एका कुटुंबाच्या सांगण्यावरून आम्ही प्रथम बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता आणि व्यक्तिमत्त्व सांगणाऱ्या एका शिबिरात गेलो होतो. दहा बोटांचे ठसे घेतले गेले आणि आठवड्याने रंगीत छपाईचा जाडजूड अहवाल हाती आला, ज्यात मुलीचा कल गणिताकडे नसून कलेकडे आहे, असे ठामपणे लिहिलेले होते. मुलीला त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. बोटांवरील रेषा गर्भावस्थेच्या चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास घडतात आणि पुढे जन्मभर तशाच राहतात. त्यांच्या अभ्यासाला हॅरल्ड कमिन्स यांनी १९२६ साली स्वतंत्र नाव दिले, आणि डाउन सिंड्रोमसारख्या काही जन्मजात स्थितींशी त्यांचा संबंध वैद्यकाला माहीत आहे. परंतु त्यांवरून मुलाचा कल किंवा बुद्धी ओळखता येते, याला शास्त्रीय आधार नाही, आणि इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही ही बाब जाहीरपणे स्पष्ट केलेली आहे. तो अहवाल मुलीच्या नजरेस पडण्यापूर्वी मी तो बाजूला ठेवला, याचे मला आजही समाधान वाटते.

टिळकवाडीतील केंद्रात पहिल्या भेटीत कोणतीही चाचणी झाली नाही, हे मला त्या दिवशी खटकले होते आणि आज तीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. मानसशास्त्रज्ञ बाईंनी (त्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत, आणि तो नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला आहे, पालकांनी प्रथम हेच पाहावे) तासभर आमच्याकडून माहिती घेतली. मूल कोणाच्या अंगाखांद्यावर वाढले, घरी कोणती भाषा, गल्लीत कोणती, शाळेत कोणती, पाढे कोणी शिकवले, अशी ती माहिती होती. तेवढा वेळ मुलगी कोपऱ्यात लाकडी आकार खाचांत बसवीत होती आणि कोणी तिला बोलण्याचा आग्रह केला नाही. ती लाजाळू आहे, असे मी म्हणताच बाईंनी मला थांबवून तो शब्द बदलायला सांगितला. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या उपजत स्वभावाचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांना साधारण शंभरात पंधरा मुले अशी आढळली की जी नव्या माणसांत आणि नव्या जागेत प्रथम मागे सरतात, पण वेळ मिळाला की आपणहून खुलतात. हा दोष नसून एक ठेवण आहे आणि त्या ठेवणीशी मोठ्यांचे वागणे जुळते की नाही, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते, असे त्यांचे म्हणणे होते. अशा मुलाची चाचणी पहिल्याच भेटीत घेतली तर त्याची क्षमता मोजली जात नाही, त्याचा संकोच मोजला जातो, हे बाईंनी साध्या शब्दांत समजावले. दुसऱ्या भेटीत मुलगी त्यांचा हात धरून स्वतः आत गेली.

त्या दुसऱ्या भेटीत जे घडले ते मी काचेच्या दारातून पाहिले. बाईंनी दोन अंकी संख्यांच्या तीन याद्या केल्या, प्रत्येक यादीत दहा संख्या, आणि त्या तिला एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये आणि एकदा इंग्रजीत सांगून लिहायला लावल्या. गल्लीतल्या मैत्रिणींमुळे तिला कन्नड आकडे पक्के येतात. कन्नड यादीत एकही संख्या उलटी पडली नाही, मराठी यादीत चार पडल्या आणि इंग्रजी यादीत तीन. इंग्रजी संख्या ऐकल्यावर मुलीचे ओठ हलत होते, हे बाईंच्या नजरेतून सुटले नाही. त्यांनी विचारले, “मनात कुणाच्या भाषेत मोजतेस गं बाळ?” मुलगी म्हणाली, “आज्जीच्या.”

येथे दोष कुठे आहे, हे आपल्यापैकी कोणीही मराठी आणि कन्नड आकडे शेजारी शेजारी उच्चारून पाहिल्यास लक्षात येईल. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतात आणि वीस नंतर. कन्नडमध्ये इप्पत्तैदु म्हणताना वीस आधी येतात आणि पाच नंतर, म्हणजे ज्या क्रमाने अंक लिहायचे त्याच क्रमाने ते ऐकू येतात. चौऱ्याहत्तर ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर चार आधी पडतात, आणि हाताने ते आधी लिहिले की ४७ होतात. एकोणऐंशीची गोष्ट तर याहून अवघड, कारण तेथे ऐंशी ऐकूनही आठाचा अंक लिहायचा नसतो. माझी मुलगी इंग्रजी संख्या ऐकून मनात तिचा मराठी अनुवाद करीत होती आणि तो अनुवाद ऐकू येईल त्या क्रमाने लिहीत होती. जी मुलगी तीन भाषांत संख्या जाणते, तिच्या मेंदूत बिघाड आहे, असे आम्ही दोन महिने समजत होतो.

ही केवळ एका बाईंची अटकळ नाही. जर्मन भाषेतही मराठीप्रमाणे एकक आधी बोलले जाते, आणि ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संख्यालेखनाच्या सुमारे निम्म्या चुका या उलटापालटीच्या निघाल्या. चेक भाषेत तर दोन्ही पद्धती नांदतात, आणि तेथील मुलांकडून एकक आधी बोलण्याच्या पद्धतीत अशा चुका अधिक झाल्या, असे २०११ च्या अभ्यासात दिसले. मूल तेच, वय तेच, फक्त बोलण्याचा क्रम वेगळा. सीमाभागातील आपली मुले रोज याच स्थितीत असतात. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसऐवजी ‘वीस पाच’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा भाषेची मोडतोड म्हणून त्यावर मोठा वाद झाला होता आणि मीही तेव्हा विरोधकांच्या बाजूने बोलले होते. पंचवीस हा शब्द टिकावा असे मला आजही वाटते. पण त्या सुचवणीमागची अडचण खरी होती, हे आता मान्य करते.

तिसऱ्या भेटीत बुद्धिमापन झाले. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसच्या शाळांसाठी ही पद्धत प्रथम तयार केली, ती मुलांना कायमचा शिक्का मारण्यासाठी नव्हे, तर कोणाला अधिक मदत हवी हे ओळखण्यासाठी. आपल्या भागाशी तिचा जवळचा संबंध आहे, हे मला तेथेच कळले. व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यातील कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी तिची सुधारित आवृत्ती तयार करून १९३४ साली प्रसिद्ध केली, आणि त्या काळी बेळगाव जिल्हाही त्याच इलाख्यात होता. नव्वद वर्षांपूर्वी एका संशोधकाला या दोन भाषांतील मुलांना त्यांच्याच भाषेत प्रश्न विचारण्याची गरज वाटली, याचा मला अभिमान वाटतो. मात्र बाईंनी या चाचणीची मर्यादाही लपवली नाही. जेम्स फ्लिन यांनी दाखवल्याप्रमाणे अमेरिकेत बुद्धिमापनाचे गुण दर दशकाला सुमारे तीनने वाढत गेले. त्यामुळे जुन्या निकषांवर मोजलेले गुण फुगलेले येऊ शकतात. म्हणून त्यांनी जोडीला रेव्हन यांची रंगीत आकृत्यांची चाचणी घेतली, जिच्या छत्तीस प्रश्नांना शब्दांची गरज लागत नाही. अहवालात त्यांनी एकच आकडा न देता गुणांचा पल्ला दिला आणि तो मुलीसमोर उच्चारू नये, असे आम्हाला बजावले.

आम्ही घरी मराठी बंद करून इंग्रजीच बोलावे काय, हा माझा शेवटचा प्रश्न होता, कारण शाळेने तसे सुचवले होते. त्यांचे उत्तर निःसंदिग्ध नकाराचे होते. वेल्समध्ये १९२३ साली डी. जे. सेर यांनी दोन भाषा बोलणारी मुले मागे पडतात असा निष्कर्ष काढला होता, परंतु त्या काळच्या अशा अभ्यासांत मुलांच्या घरच्या परिस्थितीतील फरक नीट जमेस धरलेला नसे. मॉन्ट्रियल येथे पील आणि लँबर्ट यांनी १९६२ मध्ये सारख्या आर्थिक स्तरातील दहा वर्षांच्या मुलांची तुलना केली, तेव्हा दोन भाषा जाणणारी मुले बहुतेक चाचण्यांत सरस ठरली. तेव्हा आजीचे पाढे चालूच ठेवा, मात्र संख्या लिहिताना दशकाचे घर आधी भरायला शिकवा, असे त्या म्हणाल्या. दोन रकान्यांचा एक जाड पुठ्ठा त्यांनी तेथेच करून दिला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. संपूर्ण अहवाल इंग्रजीत आहे. तो शाळेसाठी ठीक असला, तरी ज्या आजीच्या हातून मूल घडले, तिला तो वाचता येत नाही. आणि जे केंद्र मुलाची भाषा इतक्या काळजीने विचारते, त्याने पालकांच्या भाषेत दोन पानांचा सारांश द्यायलाच हवा. मी तशी लेखी विनंती केली आहे. पहिली वेळ मिळायला साडेतीन आठवडे लागले. तीन भेटी आणि अहवाल मिळून साडेचार हजार रुपये झाले, जे आम्हाला परवडले, पण गावाकडून एसटीने येणाऱ्या आणि त्यासाठी रोजगार बुडवणाऱ्या आईबापांना जड जातील. प्रतीक्षेची खोली अरुंद आहे आणि रस्त्याचा गोंगाट चाचणीच्या खोलीपर्यंत पोहोचतो, ही बाब लक्ष एकाग्र न होणाऱ्या मुलांच्या बाबतीत गंभीर ठरू शकते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, पण त्याचे अधिकृत प्रमाणपत्र असे खासगी केंद्र देत नाही. ज्यांच्या मुलांना खरोखर अशी अडचण आहे, त्यांना सरकारी वैद्यकीय यंत्रणेकडेच जावे लागते, आणि मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आपल्याला धारवाडला आहे. आमच्या मुलीच्या अहवालात अक्षमता नाही असे आजच म्हटलेले नाही. सहा महिने पुठ्ठ्यावर सराव करून पुन्हा त्याच तीन याद्या लिहून घ्यायच्या, असे ठरले आहे. पहिल्या पाच आठवड्यांनंतर मराठी यादीत चारऐवजी दोन संख्या उलट्या आल्या, आणि त्यांपैकी एक एकोणऐंशी होती.