माल्टच्या भांड्याला साधा थर्मोस्टॅट की पीआयडी (तापमान सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक)?

परवान्याशिवाय घरी बिअर करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, म्हणून मी माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड काढ्यावरच थांबतो. पण खरी कसरत तिथंच आहे: पाणी ६६ अंशांवर धरून ठेवणं.

२ किलोवॅटच्या हीटरला २५ लिटर पाणी ३० वरून ६६ अंशांवर न्यायला अर्धा तास, वर थोडा वेळ लागतो. इथवर दोन्ही पर्याय सारखेच.

पुढे मात्र साधा थर्मोस्टॅट ६६ ला वीज तोडतो, पण त्याच्या सेन्सरला उशिरा कळतं आणि पाणी तोवर आणखी चढलेलं असतं. माझं एकदा ७१ ला गेलं. गोडवा देणारं बीटा-अमायलेज हे माल्टमधलं एन्झाइम तिथं झपाट्यानं निकामी होतं. पीआयडी लक्ष्य जवळ येताच वीज थोडी-थोडी देतो. अर्ध्या अंशात खेळ. अर्डुइनोवर (छोट्या प्रोग्रामेबल सर्किट बोर्डवर) प्रोग्राम लिहिला तर तापमानाचे टप्पेही आपोआप.

त्याची खोड एकच: हीटरची वीज चालू-बंद करणारा त्याचा इलेक्ट्रॉनिक स्विच, म्हणजे सॉलिड स्टेट रिले, तापतो. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ४५ ला टेकलेली, मग बंद डब्याचं काय सांगावं! मोठा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) आणि पंखा हवाच. थर्मोस्टॅटचा काँटॅक्टर (यांत्रिक स्विच) असले लाड मागत नाही.

तरी मी पीआयडीच घेईन. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) दोन्हींना लागतोच, तिथं काटकसर नको.