‘मी’ की ‘तो’? पहिली कथा लिहायला बसलेल्यांसाठी

कथानक ठरतं, पात्रं ठरतात, स्थळ म्हणून गोदाघाट नाशिककराला आयताच मिळतो. घोडं अडतं ते निवेदनावर. गोष्ट ‘मी’नं सांगायची की ‘तो’ची सांगायची? दिवाळी अंकासाठी लिहिणाऱ्या दोघांनी नुकतंच हे विचारलं, म्हणून एकच प्रसंग दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहिला.

गंगापूर धरणातून विसर्ग वाढलाय. रामकुंडाजवळ पूजेच्या साहित्याची टपरी असलेला एकनाथ ती हलवत नाही.

प्रथमपुरुषी: ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, तरी मी टपरी हलवली नाही. असे पूर किती पाहिलेत! कमरेला लागलं की बघू, म्हटलं.’

तृतीयपुरुषी: ‘पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं. शेजारच्या टपऱ्या केव्हाच वर गेल्या होत्या. एकनाथ गल्ला मोजत होता. चौथ्यांदा.’

(दुतोंड्या मारुती म्हणजे रामकुंडाजवळ गोदापात्रात उभी असलेली मूर्ती. पूर आम्ही तिच्या अंगावरच मोजतो, क्युसेकचे आकडे नंतर.)

पहिल्यात आवाज आहे. एकनाथची फुशारकी ऐकू येते आणि तिच्या बुडाशी असलेली भीती वाचक आपण होऊन ओळखतो. दुसऱ्यात नजर आहे. चौथ्यांदा गल्ला मोजल्याचं एकनाथ कधीच सांगणार नाही, कारण ते त्याच्या ध्यानातच नाही.

‘मी’ सुरू करायला सोपा, निभवायला महाकठीण. तो जिथे नाही तिथलं काही सांगता येत नाही. माझ्या पहिल्या कथेतला ‘मी’ पंचवटीतल्या घरात गाढ झोपला होता आणि धरणाचे दरवाजे कसे उघडले याचं वर्णन मात्र दीड पान! संपादकांनी कथा परत केली. समासात एवढंच लिहिलं होतं: ‘याला कसं कळलं?’ वर्षभर मी त्यांच्यावर डूख धरून होतो. प्रश्न रास्त होता. धरण आणि घाट दोन्ही दाखवायचे असतील तर सर्वज्ञ निवेदकाला पर्याय नाही.

मग भाषा. ‘मी’ घेतला की सगळं निवेदन एकनाथच्या बोलीत यायला हवं. तो ‘जलपातळी’ म्हणणार नाही. तृतीयपुरुषात निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, अशी सोय होते. पण मराठीत तिथेही गोची आहे, क्रियापदाची. ‘एकनाथ बसला होता’ की ‘एकनाथराव बसले होते’? आणि ‘अण्णा बसले होते’ लिहिलं की निवेदक घरातला होतो, मग अण्णांचा भित्रेपणा लिहिताना पेन अडखळतं. ‘मी’चीही सुटका नाही. ‘मी टपरी हलवली’मध्ये बाई की पुरुष ते लपतं, ‘मी थांबलो’ म्हटलं की संपलं. निवेदक बाई आहे हे शेवटी उघड करायचा बेत असेल, तर आधी हा हिशेब करा.

‘तू’ म्हणत सांगायची तिसरी तऱ्हाही आहे. दोन पानांत वाचक दमतो. पहिल्या कथेत नकोच.

माझं मत विचाराल तर, पात्राला बोलायची खोड असेल तरच ‘मी’. घुम्या माणसाच्या तोंडी ‘मी’ दिला की तिसऱ्या परिच्छेदात तो लेखकासारखा बोलू लागतो. शंका असेल तर पहिलं पान दोन्ही तऱ्हांनी लिहा आणि मोठ्यानं वाचा. किंवा आपल्या १८४० सालच्या सार्वजनिक वाचनालयात बसून कथांचे फक्त पहिले परिच्छेद वाचत सुटा. चहाच्या वेळेपर्यंत कान तयार होतो.

एकनाथची कथा मी शेवटी ‘मी’तच लिहिली, पण तो ‘मी’ त्याची बायको. तिनं पूर पाहिलाच नाही. भिजलेला गल्ला घरी आलाय आणि ती एकेक नोट कोमट तव्यावर वाळवतेय.