जनऔषधी केंद्र : रोजच्या गोळ्यांसाठी उत्तम, ऐनवेळी बेभरवशाचे

रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांच्या कायम चालणाऱ्या गोळ्यांचा खर्च खाली आणायचा असेल तर जनऔषधी केंद्र, म्हणजे ब्रँडऐवजी त्याच घटकाची स्वस्त (जेनेरिक) औषधे विकणारे सरकारी योजनेतले दुकान, गाठाच. रक्तदाबावरच्या टेल्मिसार्टन ४० ची दहा गोळ्यांची पट्टी इथे दहा-पंधरा रुपयांच्या घरात मिळते. नावाजलेल्या ब्रँडला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. कारण खरेदी एकत्रित टेंडरने होते आणि एमआर (डॉक्टरांकडे फिरणारे कंपनीचे प्रतिनिधी), जाहिराती, डॉक्टरांच्या परिषदा यांचा खर्च किमतीवर चढत नाही. स्वस्त म्हणजे हलके, ही भीती मनातून काढा : बॅच एनएबीएल-मान्य (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने मान्य केलेल्या) प्रयोगशाळेत तपासल्यावरच माल दुकानात येतो.

साध्या मेडिकलमध्ये 'जेनेरिक आहे, पन्नास टक्के सूट देतो' म्हणतात, ते वेगळे. तिथे छापील किंमतच फुगवलेली असते, त्यामुळे सूट देऊनही नफ्याचा मोठा वाटा दुकानदाराकडेच राहतो.

जनऔषधी केंद्राची खरी अडचण साठ्याची. केंद्रचालकाला २० टक्के मार्जिन मिळते, पण पंधरा रुपयांच्या पट्टीवर ते होतात तीन रुपये. एवढ्यात दुकानभाडे आणि फार्मासिस्टचा पगार भागवायचा, मग कमी खपाची औषधे तो भरणार कशी? म्हणून गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी जा. 'जनऔषधी सुगम' ॲपवर औषध यादीत आहे का, किंमत काय आणि जवळचे केंद्र कुठले हे कळते. ते औषध आज शिल्लक आहे का, हे मात्र फोन करूनच विचारा.

डॉक्टरांकडून ब्रँडऐवजी घटकाचे नाव लिहून घ्या, कारण चिठ्ठीवर ब्रँड असेल तर शेड्यूल एच औषध (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारे) परस्पर बदलून देण्याची फार्मासिस्टला नियमाने मुभा नाही. पट्टी हातात आली की मिलिग्रॅमसोबत पुढची अक्षरेही जुळवा. टेल्मिसार्टनच्या ब्रँडपुढे 'एएम' असेल तर सहसा त्यात ॲम्लोडिपिन असते, 'एच' असेल तर हायड्रोक्लोरोथायाझाइड; ही दोन्ही बीपीचीच जोडऔषधे. त्याजागी नुसते टेल्मिसार्टन घेतले तर बीपी चढू शकते. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या 'एसआर'चेही तसेच : ती गोळी सावकाश विरघळते, साधी लगेच. एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

थायरॉइड आणि फिट्सच्या औषधांत डोसाचा थोडासा फरकही बाधतो. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, आणि बदललीत तर दर महिन्याला कंपनी तीच आहे ना, हे पट्टीवर वाचून घ्या.