साध्या शिलाई मशीनवर भरतकाम: पंचवटीतल्या क्लासचा माझा अनुभव

आधी सरळ सांगते, घरात साधी शिलाई मशीन असेल आणि भरतकामाची आवड असेल तर हा क्लास नक्की करा. नाशिकमध्ये आरी वर्कचे (आकडीच्या सुईने हाताने करायच्या भरतकामाचे) क्लास आता गल्लोगल्ली झालेत, पण आपण ज्या मशीनवर ब्लाउज आणि उशांचे अभ्रे शिवतो त्याच मशीनवर हाताने कापड फिरवून फुलं-पानं कशी भरायची हे बैजवार शिकवणारं मला तरी दुसरं कोणी सापडलं नाही. बऱ्याच जणींना वाटतं की मशीनचं भरतकाम म्हणजे ती काँप्युटरवाली महागडी मशीनच लागणार, डिझाइन पेन ड्राइव्हमध्ये टाकायचं आणि बटण दाबायचं. अहो पण ती मशीन यायच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंगर कंपनी पायाच्या मशीनवर हेच काम बायकांना शिकवायची, आणि आपल्याकडचे जुने टेलर सुद्धा फूट (सुईशेजारी कापड दाबून धरणारा भाग) काढून आणि कापड ताणून धरणारी गोल रिंग लावून रुमालावर नावं टाकून द्यायचे. म्हणजे कला जुनीच आहे, शिकवणारे कमी झालेत.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या शिलाईत कापड पुढे सरकवायचं काम सुईखालचे दात करतात, आपण नुसती दिशा देतो. या भरतकामात ते दात बाद करायचे. नवीन झिगझॅग (नागमोडी टाका घालणारी) मशीन असेल तर बऱ्याच मॉडेलला दात खाली करायचा खटका असतो, काहींना दातांवर बसवायची प्लेट मिळते. माझ्याकडे सासूबाईंची जुनी काळी मशीन आहे, तिला यातलं काहीच नाही, तर क्लासच्या मॅडमनी टाक्याची लांबी ठरवणारा दांडा शून्यावर आणायला सांगितला आणि फूट काढला, बस्स. दात वरखाली होत राहतात पण कापड ओढत नाहीत. मग टाका किती लांब पडणार हे आपल्या हातावर. हात सावकाश आणि मशीन जोरात असेल तर टाके बारीक आणि लागून लागून पडतात, हात पळाला की लांब लांब पडतात आणि काम विरळ दिसतं. नवीन बाई आली की ती घाबरून मशीन हळू चालवते आणि कापड भराभर ओढते, सगळ्यांचंच असं होतं, आणि सुया सुद्धा तिथेच मोडतात कारण कापड ओढलं की सुई वाकते आणि खालच्या प्लेटवर जाऊन आपटते. मॅडमचं पालुपद ठरलेलं, "हात पळवू नको गं, मशीनला पळू दे."

मला सगळ्यात आवडलं ते सुरुवात कशी करून घेतात ते. पहिल्यांदा दोराच नाही. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने डिझाइन काढायचं आणि बिनदोऱ्याच्या सुईखाली तो कागद धरून रेघेवरून फिरवायचा, पुढे, मागे, आडवा, गोल, पण कागद वळवायचा नाही, फक्त सरकवायचा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण शिवताना आपल्याला वळणावर कापड वळवायची सवय असते आणि इथे ती सवय मोडावी लागते. सुई टकटक करत कागदाला भोकं पाडत जाते आणि आपला हात कुठे डगमगला ते त्या भोकांच्या ओळीत लगेच दिसतं, सरळ चाललेली ओळ एका ठिकाणी पोट काढून बाहेर गेलेली असते. आणि गंमत म्हणजे तो कागद वाया जात नाही. तोच छापा होतो. कागद कापडावर टाचायचा, रॉकेलमध्ये नीळ कालवून कापसाच्या बोळ्याने वरून पुसायचं, गडद कापड असेल तर निळीच्या जागी झिंक पावडर, आणि कागद उचलला की खाली टिंबाटिंबांनी डिझाइन उतरलेलं. म्हणजे सराव पण झाला आणि छापा पण हातात आला. माझ्याकडे असे छापे आता एका जुन्या कॅलेंडरमध्ये घालून ठेवलेत, एक छापा कितीही ब्लाउजना चालतो.

मग दोरा ओवून. इथे एक गोष्ट आहे जी व्हिडिओ बघून शिकणाऱ्या बऱ्याच जणींची राहते, आणि मग त्या म्हणतात माझ्या मशीनवर हे होतच नाही. फूट काढलेला असला तरी फुटाचा मागचा दांडा खाली पाडायचाच. फूटच नाही तर दांडा कशाला पाडायचा असं वाटतं ना, पण दांडा खाली आल्याशिवाय वरच्या टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण सांभाळणाऱ्या, चकत्या दोरा पकडतच नाहीत, आणि मग कापडाखाली दोऱ्याचा असा गुंता होतो की कात्रीनेच सोडवावा लागतो. क्लासमध्ये सिन्नरहून एक ताई यायच्या, त्या बिचाऱ्या घरी मशीन मेकॅनिककडून दुरुस्त करून घेऊन आल्या होत्या, आणि मशीनमध्ये काही बिघाडच नव्हता, मॅडमनी नुसता दांडा पाडून दाखवला. दुसरं म्हणजे सुरुवात करायच्या आधी चाक हाताने एकदा फिरवून खालचा बॉबिनचा (मशीनच्या आतल्या छोट्या रिळाचा) दोरा वर काढून घ्यायचा, दोन्ही टोकं बोटाने धरायची, जागच्या जागी दोन-तीन टाके घ्यायचे आणि मगच पुढे जायचं, टोकं नंतर कापून टाकायची. एवढं केलं तरी अर्धे प्रॉब्लेम संपतात.

टेन्शनचं मात्र त्या डोळ्यात तेल घालून शिकवतात आणि ते योग्यच आहे. वरचं टेन्शन नेहमीपेक्षा सैल, इतकं की रंगीत दोरा थोडासा उलट्या बाजूला उतरला पाहिजे आणि बॉबिनचा पांढरा दोरा वर टिंबभर सुद्धा दिसता कामा नये. बॉबिन केस (बॉबिन ज्यात बसते ती डबी) बरोबर आहे का ते बघायची पद्धत पण दाखवली, केस दोऱ्याला लटकवायची, नुसती लटकताना खाली घसरली नाही पाहिजे आणि हाताला हलका झटका दिला की थोडी उतरली पाहिजे. भरतकामाचा रेयॉनचा दोरा चमकतो छान पण साध्या दोऱ्याइतका दणकट नसतो, सारखा तुटत असेल तर आधी सुई बदला, सुईचं नाक खरबरीत झालं की तो लगेच पिंजतो. सुई 11 नंबर किंवा 14 नंबर, 16 ची मोठी भोकं पडतात.

रिंग उलटी लावायची असते हे पण मला इथेच कळलं. हाताच्या भरतकामात कापड रिंगच्या वरच्या बाजूला ताणलेलं असतं, इथे ते खालच्या बाजूला, म्हणजे मशीनच्या पाट्याला चिकटून सपाट राहिलं पाहिजे. आतल्या रिंगला सुती पट्टी गुंडाळून घ्यायची म्हणजे कापड निसटत नाही. पातळ कापड असेल तर खाली पेपर किंवा फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावायचं नाहीतर टाके आवळून कापड चुण्या पडल्यासारखं दिसतं. सरावाला पॉपलीन घ्या, जॉर्जेटच्या नादी सुरुवातीला लागूच नका.

डिझाइनमध्ये पहिलं काय तर द्राक्षाचा घड, नाशिकचा क्लास म्हटल्यावर दुसरं काय असणार! पण त्यात डोकं आहे हं. द्राक्षं म्हणजे एकाला एक लागून गोल, पान म्हणजे टोकं आणि शिरा, आणि वेलीचा तो आधार धरणारा कुरळा तणावा म्हणजे हाताची खरी परीक्षा, कारण गोल फिरताना वेग जरा जरी बदलला तरी एका बाजूला टाके दाट आणि दुसऱ्या बाजूला लांब पडतात. शिवाय अख्खा घड दोरा न तोडता पुरा करायचा, म्हणजे सुरू करायच्या आधीच बोटाने वाट ठरवायची की इथून निघायचं, या द्राक्षाला वळसा, मग देठावरून वर आणि पानात शिरायचं. घड जमला की मग मुनिया म्हणजे पोपट, मग मोर, पैठणीच्या पदरावरचे आकार बघून. येवला आपल्या जिल्ह्यातच, त्यामुळे इथे पैठणीचे ब्लाउज शिवून घेणाऱ्या खूप, आणि साडीच्या पदरावरची मुनिया ब्लाउजच्या पाठीवर आली की गिऱ्हाईक एकदम खूश होतं.

जरीचं काम ज्या पद्धतीने शिकवलं ते तर मला पूर्ण फीच्या तोडीचं वाटलं. जाड जरीचा दोरा सुईत ओवला तर तुटतो, चरचर होतो. मॅडम तो दोरा बॉबिनवर भरतात, हाताने, सैलसर, बॉबिन केसचा बारीक स्क्रू थोडा ढिला करतात, आणि कापड उलटं लावतात, म्हणजे डिझाइन कापडाच्या मागच्या बाजूला छापायचं आणि मागून शिवायचं. आपल्याला शिवताना जरी दिसतच नाही, वर नुसती साध्या दोऱ्याची टीप दिसत असते, आणि रिंग पलटली की पलीकडे जरीची जाड रेघ कापडावर बसलेली, हाताने टाचून बसवलेल्या जरीसारखीच. त्यासाठी एक वेगळी बॉबिन केस घेऊन ठेवा, रोजच्या शिलाईच्या केसचा स्क्रू सारखा हलवू नका, हा सल्ला पण त्यांचाच.

आता जे पटलं नाही ते. बॅचमध्ये बाया जास्त आणि मशीन कमी, त्यामुळे आपला नंबर येईपर्यंत बसून राहावं लागतं. बघून पण शिकायला मिळतं हे खरं, पण हे काम हाताने केल्याशिवाय येत नाही आणि फी सगळ्यांची सारखीच असते, तेव्हा बॅच लहान ठेवली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, मी ते मॅडमना सांगितलं सुद्धा आहे. एका मशीनचा शटल (खालचा दोरा गुंफणारा भाग) खडखडतो, ती मिळाली की तो तास वायाच. आणि शेवटी झिगझॅगने पाकळ्या भरायचं जे शिकवलं ते फार घाईत उरकलं. माझ्या काळ्या मशीनवर झिगझॅग नाही म्हणून माझं फारसं अडलं नाही, मी सरळ टाक्याच्या रेघा लागून लागून मारून पाकळी भरते, पण ज्यांच्याकडे झिगझॅग मशीन आहे त्यांच्यासाठी तोच भाग कामाचा होता.

अजून एक, क्लासमध्ये सगळं बिनफुटाचं शिकवतात. रिंग घट्ट असेल तर चालतं, पण बोटं उघड्या सुईजवळ असतात आणि मला ते सुरुवातीपासून खटकत होतं. यासाठी डार्निंगचा स्प्रिंगवाला फूट मिळतो, त्याचा एक दांडा सुईच्या स्क्रूवर टेकतो आणि सुईबरोबर फूट वरखाली होतो, सुई वर गेली की कापड मोकळं, खाली आली की धरलेलं. टाका सुटत नाही आणि बोट पण लांब राहतं. तो घेताना मात्र दुकानदाराच्या "सगळ्या मशीनला बसतो ताई" वर जाऊ नका, मेन रोडच्या एका दुकानातून असाच आणलेला माझ्या मशीनला बसला नाही आणि परत घ्यायला पण त्यांनी कां कूं केलं. फूट खाली करून ज्या स्क्रूने तो लागतो तिथपासून प्लेटपर्यंत पट्टीने मोजा, साधारण पाऊण इंच असेल तर लो शँक (कमी उंचीचा), एक इंच किंवा वर असेल तर हाय शँक (जास्त उंचीचा), घरगुती मशीन बहुतेक लो शँकच असतात. नंतर मी मोजून आणला तो बरोबर बसला, आणि रिंगशिवाय जाडसर कापडावर सुद्धा काम करता येतं आता. मॅडमनी हा फूट क्लासमध्ये ठेवायलाच हवा, नवीन मुलींसाठी तरी.

मोटर का पाय, हे खूप जणी विचारतात म्हणून सांगते. शिकायला पायाची मशीन बरी, वेग आपल्या पायात राहतो आणि लाइट गेली तरी काम चालू. मोटरचं पायडल जरा दाबलं की मशीन भर्रकन पळते आणि नवीन माणूस दचकतं. हात बसला की मग मोटर लावा, मोठं डिझाइन भरायला तीच सोयीची.

फी अडीच हजार, कापड, रिंग, दोरा आपला. ज्यांना ब्लाउज शिवता येतो त्यांच्यासाठी हे पैसे लवकर वसूल होतील, पाठीवर एक मुनिया भरून द्यायला लागलात तरी शिलाई वाढवून मिळते, माझ्याकडे आता ओळखीतून तशा ऑर्डर यायला लागल्यात. ज्यांनी मशीनला कधी हातच लावला नाही त्यांनी मात्र आधी साधी सरळ टीप मारायला शिकून घ्या, इथे ते कोणी शिकवत बसत नाही. शिकवणं मनापासून आहे, विचारलेलं लपवून ठेवत नाहीत, आणि घरी गेल्यावर अडलं तर फोनवर फोटो पाठवला की मागची बाजू बघून कुठलं टेन्शन चुकलंय ते सांगतात. उलट्या बाजूचाच फोटो मागतात, सुलट्या बाजूचा पाठवला तर परत मागतात.

सिटीलिंकने, म्हणजे शहर बसने, येणार असाल तर निमाणीच्या स्टँडला उतरा, तिथून चालत जाता येतं, गाडी आणली तर लावायला जागा नाही आणि सध्या कुंभमेळ्याच्या कामांमुळे रस्त्यांचं काही खरं नाही. रिंग सहा इंची स्क्रूवाली घ्या आणि कमी उंचीची बघून घ्या, जाड लाकडाची सुईखालून आत जात नाही, आणि आठ इंची घेतली तर कडेचं डिझाइन भरताना ती मशीनच्या खांबाला अडते. सकाळची बॅच बहुतेक भरलेली असते, दुपारी बाया कमी असतात आणि मशीन जास्त वेळ हातात मिळते, तेव्हा जमत असेल तर दुपारचीच मागून घ्या.