कोंबडा धरलेला डच साहेब: पुढून झकास, मागून सपाट

साडेतीन स्टार देतोय, त्यातला अर्धा निव्वळ कोंबड्याचा.

जपानी नेत्सुकेची रेप्लिका आहे, बॉक्सवुड लाकडाची, बोटभर उंच, ऑनलाइन घेतलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, किमोनोला खिसे नसायचे मग तंबाखूची पिशवी नाहीतर औषधाची डबी दोरीने ओबीला म्हणजे कमरपट्ट्याला अडकवायचे आणि दोरी खाली सरकू नये म्हणून वरच्या टोकाला अडणीसारखं हे छोटं कोरीव नेत्सुके.

आता डच माणूसच का, तर १६३९ ला जपानने पोर्तुगीजांना हाकलल्यावर (त्यांची जहाजं आपल्या गोव्याहूनच मकावमार्गे जायची) युरोपियनांपैकी एकटे डच उरले, आणि १६४१ पासून त्यांनाही नागासाकीच्या देजिमा बेटावर डांबून ठेवलेलं. शोगुनला म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाला मुजरा करायला एदोला (आजचं टोकियो) जायचे तेव्हा वाटेत लोकांना दिसतील तेवढेच, त्यामुळे बहुतेक कारागिरांनी डच माणूस प्रत्यक्षात बघितलाच नसणार, चित्रं बघून कोरलेत. म्हणून १८व्या शतकातल्या जुन्या नेत्सुकेत नाक हे एवढं मोठं, कुरळे केस, डोक्यावर हॅट, गुडघ्यापर्यंत कोट, आणि हातात कोंबडा नाहीतर कुत्रा नाहीतर तुतारी. थोडी टिंगल आहेच, पण कोटाचं एकेक बटण मन लावून कोरलेलं असतं, मला तेच जाम आवडतं.

या रेप्लिकेत बटणं आहेत, नाक तर एक नंबर, कोंबड्याची शेपटी पण मस्त वळवलीय. पण उलटं केलं की सगळा आनंदीआनंद, पाठ सपाट, कोटाला मागे एक चुणी नाही. अहो हे कमरेला लोंबणार, हातात फिरणार, खरं नेत्सुके चहूबाजूंनी कोरतात, तळ पण सोडत नाहीत. आणि दोरीची भोकं दोन्ही एकाच मापाची ड्रिल केलीत, खऱ्यात बऱ्याचदा एक मोठं ठेवतात म्हणजे गाठ आत लपते, इथे गाठ साहेबाच्या पाठीवर कुबडासारखी.

शोकेसला भिंतीला पाठ टेकवून ठेवणार असाल तर खुशाल घ्या, किंमत ठीक आहे. फक्त त्याच पेजवर खाली 'अँटिक हस्तिदंत' म्हणून जे दाखवतात त्या भानगडीत पडू नका, हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बंद आहे.