जठराची शस्त्रक्रिया: पोट उघडून की दुर्बिणीने?

जठराच्या कर्करोगाची गाठ काढण्याजोगी आहे आणि सर्जन म्हणतात, ‘दोन्ही पद्धतींनी होईल, तुम्ही ठरवा’, अशांसाठी हे लिहितोय. मी दुर्बिणीने करून घेतली. त्याआधी थोरल्या भावाची पोट उघडून झाली होती आणि तेव्हा त्याच्या उशाशी मीच होतो. म्हणजे दोन्ही जवळून पाहिल्यात, पण शेवटी हा दोन माणसांचाच अनुभव.

आतलं काम दोन्हीकडे एकच, त्यामुळे आतले धोकेही जवळपास तेच. सगळ्यात धास्ती जोड, म्हणजे जठर काढल्यावर उरलेली टोकं शिवून जोडतात ती जागा, गळण्याची. पूर्ण जठर काढलं तर अन्ननलिका आणि आतड्याचा जोड जास्त नाजूक. ड्युओडेनमचं, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचं, शिवून बंद केलेलं तोंड गळू शकतं. स्वादुपिंडाच्या वरच्या कडेच्या, कर्करोग जिथे पसरू शकतो त्या लसिकाग्रंथी काढताना स्वादुपिंडाला धक्का लागला तर रस झिरपतो, म्हणून ड्रेनमधल्या (पोटात ठेवलेल्या नळीतल्या) पाण्यात अमायलेज हे स्वादुपिंडाचं पाचकद्रव्य किती आहे ते तपासतात. ताप नसतानाही नाडी वाढली की डॉक्टर सावध होतात, ते याच कारणाने. पुढचं डम्पिंग (खाल्लेलं भरकन आतड्यात उतरून होणारा त्रास), उतरणारं वजन, पूर्ण जठर गेलं तर जन्मभराचं बी-१२, यातलं काहीच चीर केवढी होती यावर ठरत नाही.

कर्करोग परतण्याची भीती मलाही होती. दुर्बिणीने जठराची अशी पहिली शस्त्रक्रिया जपानमध्ये १९९१ साली झाली आणि ‘ग्रंथी नीट निघतात का?’ ही शंका पुढे बरीच वर्षं राहिली. २०१९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, कोरियातला सुरुवातीच्या टप्प्यातल्या आणि चीनमधला पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांवरचा. अनुभवी हातांत दुर्बीण कुठेच मागे पडली नाही. दुर्बिणीचे भक्त मात्र ‘लवकर घरी जाल’ हे जरा जोरातच सांगतात. नेदरलँड्समधल्या लॉजिका चाचणीत रुग्णालयातला मुक्काम दोन्हीकडे सारखाच निघाला होता.

मग माझं कशावरून ठरलं? खोकल्यावरून.

पोट उघडतात तेव्हा चीर छातीच्या हाडाखालून बेंबीपर्यंत, कधी त्याही खाली जाते. श्वासागणिक हलणारी नेमकी तीच जागा. भूल दिल्यानंतर कफ साचतो, तो खोकून काढायलाच हवा, आणि भावाला खोकताच येईना. पोटाशी उशी घट्ट धरायचा, तोंड उघडायचा, घशातून नुसतंच ‘ख्’ यायचं. श्वास आत ओढून चेंडू उचलायच्या तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरमधला पहिला चेंडू थरथरायचा आणि बसायचा. फिजिओथेरपिस्ट येताना दिसली की हा झोपेचं सोंग घ्यायचा. जोड उत्तम होता, ड्रेन स्वच्छ होता, आणि न्यूमोनिया झाला. इतकं अवघड ऑपरेशन पार पडलं आणि गाडी अडली ती कफावर! तो सिगारेट ओढायचा हेही खरं, त्यामुळे सगळा दोष चिरेला देता येणार नाही. पण माझ्या वेळी मी पहिल्याच संध्याकाळी खोकलो. दुखलं, पण कफ सुटला. गाठ बाहेर काढण्यासाठीची एक लहान चीर मलाही आहे. ती खोकताना एवढी ओढली जात नाही.

दुर्बिणीचंही काही फुकट मिळत नाही. वेळ जास्त लागतो. मध्येच पोट उघडावं लागू शकतं आणि संमतीपत्रात ते लिहिलेलं असतं. एक धोका मात्र फारसं कुणी आपणहून सांगत नाही: पोट उघडल्यावर आत चिकटे (आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटणं) जास्त होतात आणि आतडं अडण्याची भीती राहते, दुर्बिणीनंतर चिकटे कमी, म्हणून आतडं मोकळं, आणि जोडणीमुळे तयार झालेल्या फटीत ते सरकून पिळलं जाऊ शकतं. हे महिन्यांनी, वर्षांनीही होतं. ‘फटी शिवून बंद करता ना?’ हे सर्जनना मुद्दाम विचारा, आणि पुढे कधी अचानक कळा येऊन पोट दुखलं तर गॅसवर ढकलून बसू नका.

फुप्फुसं मुळातच कमजोर असतील किंवा खोकल्याची खोड असेल, तर माझं मत दुर्बिणीकडे झुकतं. पण गाठ मोठी, शेजारच्या अवयवाला चिकटलेली, किंवा तुमच्या सर्जनचा हात उघड्या शस्त्रक्रियेवरच बसलेला असेल, तर मी हट्ट धरणार नाही. फक्त भूलतज्ज्ञांना दुखणं कमी करायला पाठीतून एपिड्युरल (मणक्याजवळ बारीक नळीतून दिलेलं औषध) देता येईल का हे आधी विचारेन, आणि स्पायरोमीटर शस्त्रक्रियेच्या आधीच घरी आणून चेंडू उचलायला लागेन.