वांशिक समानता धोरण आणि मैदानावरचे कर्मचारी : एका प्रशिक्षण सेवेविषयी

पूर्व लंडनमधील ज्या प्राथमिक शाळेत मी नऊ वर्षे टीचिंग असिस्टंट म्हणून काम करते, तेथे गेल्या वर्षी वांशिक समानतेचे धोरण नव्याने लिहिण्यासाठी एका खासगी प्रशिक्षण संस्थेची सेवा घेण्यात आली. ब्रिटनमधील शाळांत नोकरी करणाऱ्या किंवा गव्हर्नर (शाळेच्या नियामक मंडळाचे सदस्य) असलेल्या मराठी मंडळींना उपयोग व्हावा म्हणून तो अनुभव येथे मांडत आहे.

जुने धोरण शाळेकडे होतेच. स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा १९९३ साली दक्षिण-पूर्व लंडनमध्ये वंशद्वेषातून खून झाला, त्या खुनाच्या पोलीस तपासाची चौकशी करणारा मॅकफर्सन अहवाल १९९९ मध्ये आला, आणि त्यानंतर झालेल्या कायदादुरुस्तीमुळे सरकारी शाळांना ३१ मे २००२ पर्यंत असे लेखी धोरण करणे बंधनकारक झाले. आमचे धोरण त्याच सुमाराचे; २०१० च्या समानता कायद्यानंतर त्यात कायद्याचे नाव तेवढे बदलले होते. नऊ वर्षांत मला ते कोणी दाखवले नव्हते.

संस्थेने सुरुवातीलाच जी अट घातली, तीच मला या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. मसुदा मुख्याध्यापिकांनी एकट्याने लिहायचा नाही, आणि बैठकीला शिक्षकांबरोबर स्वयंपाकघरातील, कार्यालयातील व जेवणाच्या सुट्टीत मैदानावर देखरेख करणारे कर्मचारीही हवेत. पहिल्या बैठकीत प्रत्येकाला विचारले गेले की गेल्या सत्रात तुमच्या कानावर काय आले आणि तुम्ही ते कोणाला सांगितले. शाळेच्या नोंदवहीत वर्षभरात दोन घटना होत्या. मैदानावर काम करणाऱ्या एका सोमाली बाईंनी एकट्यांनी सात सांगितल्या. डोक्यावरचा रुमाल ओढणे, कातडीच्या रंगावरून खेळात न घेणे, डब्याच्या वासावरून चिडवणे. त्या प्रत्येक वेळी वर्गशिक्षकांना तोंडी सांगत आल्या होत्या, पण नोंदीचा फॉर्म भरण्याचा अधिकार त्यांना आहे हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते ऐकताना खोलीत जी शांतता पसरली, ती मी विसरणार नाही.

पीडिताला किंवा अन्य कोणालाही जी घटना वंशद्वेषी वाटते, ती तशी मानून नोंदवायची, ही मॅकफर्सन अहवालातील व्याख्या प्रशिक्षिकेने फार संयमाने समजावली. नोंद करणे म्हणजे मुलाला दोषी ठरवणे नव्हे, हे उमगल्यावर शिक्षकांची भीती कमी झाली. "आमची शाळा वंशद्वेष खपवून घेत नाही" हे जुने वाक्य काढून त्या जागी कोणी, कोणाकडे, किती वेळात नोंद द्यायची आणि दोन्ही मुलांच्या पालकांना कोण कळवणार, हे स्पष्ट लिहिले गेले. मैदानाविषयीचा परिच्छेद त्या सोमाली बाईंच्या शब्दांत आहे.

मात्र दोन उणिवा गंभीर आहेत. बैठका साडेतीननंतर होत, आणि तासावर पगार मिळणाऱ्यांना त्या वेळेचे पैसे नव्हते. त्यामुळे दुसऱ्या बैठकीला मैदानावरच्या पाच जणींपैकी दोघीच आल्या. मी लेखी विनंती केल्यावर शाळेने ते पैसे दिले, परंतु सर्वांच्या सहभागाचा आग्रह धरणाऱ्या संस्थेने ही बाब आपल्या प्रस्तावातच घालायला हवी होती. दुसरी उणीव जातीची. २०१० च्या कायद्यात वंशाच्या कलमाखालीच जातीचा उल्लेख आहे. २०१८ मध्ये सरकारने स्वतंत्र तरतूद न करता हा प्रश्न न्यायालयांच्या निर्णयांवर सोपवला. आमच्या शाळेत भारतीय उपखंडातील मुले पुष्कळ, तरीही मी विषय काढल्यावर तो आमच्या अभ्यासक्रमात नाही, एवढेच उत्तर मिळाले. आडनाव विचारून मूल कोणाच्या शेजारी बसते ते ठरवणारे पालक मी याच शाळेच्या फाटकाशी पाहिले आहेत, म्हणून हे उत्तर मला फार लागले.

सहा महिन्यांनी प्रशिक्षिका ठरल्याप्रमाणे परत आल्या आणि नोंदवही वाचायला बसल्या. तीत तेवीस नोंदी होत्या, त्यांपैकी अकरा मैदानावरच्या बायकांनी केलेल्या. ही सेवा घ्यावी असे मी निश्चित सांगेन. करार करण्यापूर्वी तासावर काम करणाऱ्यांचा पगार आणि जातीवरील एक सत्र, या दोन्ही गोष्टी त्यात लेखी घालून घ्याव्यात.